म्हाताऱ्याची पाठ

बेबीताईंनी म्हाताऱ्याला दोन स्टुलांवर पालथा घातला आणि त्याच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवलं. फडकं काळंकुट्ट झालं. बादलीत पिळून त्यांनी ते पुन्हा फिरवलं, तसं प्लायवूड उजळत गेलं आणि त्यावरची पेन्सिलीची अक्षरं ठळक झाली. खांद्यापासून कमरेपर्यंत ओळीखाली ओळ. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा, पुढे बारीक इंग्रजी.

म्हातारा शेजारच्या नोएलीनबाईंचा. त्यांच्या नवऱ्यानं, ट्रेवरनं, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी स्वतः करवतीनं कापून केलेला सांताक्लॉज. माणसाएवढा उंच, लाल डगला, लाल टोपी, पण खाली अर्धी चड्डी, पायांत जॅन्डल्स, म्हणजे रबरी सपाता, आणि एका हातात शेपटीला धरलेला मासा. डिसेंबर लागला की तो नोएलीनबाईंच्या हिरवळीवर, रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. ट्रेवरला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याच्या मागे म्हाताऱ्याकडे बघायला कोणी नव्हतं. उन्हानं त्याचं तोंड सोलपटलं होतं, एक डोळा गेला होता, दाढीचे पोपडे सुटले होते. जयवंतानं एकदा कुंपणावरून बोलता बोलता नोएलीनबाईंना सांगितलं की माझ्या आईचा रंगात हात बसलेला आहे, आणि त्याच रविवारी म्हातारा उचलून आणून गॅरेजात आईच्या पुढ्यात ठेवला.

“बायकोनं मासे आणायला पिटाळलाय ह्याला,” बेबीताई म्हणाल्या होत्या, “तोही चड्डीवर.”

“चेहऱ्याचं तेवढं कर, आई. मागचं राहू दे म्हणाल्यात त्या.”

मागचं राहू दे. हे म्हणणारं माणूस कधी रंगाच्या डब्याशी बसलेलं नसतं. बेबीताईंचे मालक, मधुकरराव, दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपात रंगारी होते. एप्रिलात जयंती आली की वस्तीतले दरवाजे, ट्रंका, विहाराचं फाटक, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, आणि डबा धरायला बेबीताई असायच्या. लाकडाची पाठ आधी, तोंड नंतर, हा त्यांचा शिरस्ता. तोंडाला सगळेच रंग देतात, पाणी मागून शिरतं. मालक गेल्यावरही बेबीताईंनी तो मोडला नव्हता.

संघमित्रा, त्यांची सून, गाडीची किल्ली हातात घेऊन गॅरेजात आली. तिला साडेसातला लॅबमध्ये पोचायचं होतं. ती गाडीच्या दाराशी गेली आणि परत वळली.

“आई, मागे काहीतरी लिहिलंय हो.”

ती वाकून वाचायला लागली. बेबीताईंनी ओलं फडकं बरोबर तिच्या नाकासमोर, अक्षरांवर टाकलं.

“सुताराची मापं आहेत ती.”

“एवढी मापं?”

“माणसाएवढा बाबा करायचा तर एवढीच लागणार. तुला उशीर होत नाही का?”

संघमित्रानं घड्याळ बघितलं. “संध्याकाळी आले की वाचून सांगते. तोवर मागे हात लावू नका.”

“मला डोळे आहेत.”

“आहेत हो. पण थांबा.”

गाडी उलटी रस्त्यावर गेली. बेबीताई फडक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘थांबा’ म्हणताना सूनबाईंनी हात जरासा वर केला होता, रस्ता ओलांडणाऱ्या लेकराला थांबवतात तसा.

ह्या देशात येऊन त्यांना अडीच वर्षं झाली होती आणि ह्या अडीच वर्षांत त्यांनी संघमित्राला एक अक्षर वाचून दाखवायला सांगितलं नव्हतं. निळ्या झाकणाचं दूध, लाल पिशवीतली साखर, कोपऱ्यावरच्या डेरीवाल्या काकांना खूण केली की मिळणारा ब्रेड, सगळं त्यांनी डोळ्यांनी बसवलं होतं. महिन्यातून एकदा भाड्याच्या हॉलमध्ये मंडळी वंदनेला जमत. सगळे डिग्रीवाले. कोणी विचारलं तर बेबीताई आपण सातवी पास असल्याचं सांगत. वंदना त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ होती. पुस्तिका हातात धरून त्या म्हणत आणि शेजारणीनं पान उलटलं की आपणही उलटत. एकदा त्यांचं पान मागे राहिलं. शेजारी त्या दिवशी संघमित्रा होती. तिनं आपलं बोट त्यांच्या पुस्तिकेवर योग्य जागी टेकवलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गोळ्यांच्या खोक्यांवर कागद चिकटवलेले दिसले. एकावर उगवता सूर्य काढलेला, एकावर चंद्राची कोर.

“सकाळची आणि रात्रीची,” संघमित्रा म्हणाली होती. “सोपं जाईल.”

बेबीताईंनी दोन्ही कागद नखानं खरवडून काढले होते. बालवाडीतल्या पोराला देतात तशी चित्रं.

त्यांनी फडकं उचललं. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला, खांद्यापाशी टेकवला आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं ओढला.

पेन्सिल सहज जात नाही. ती आधी पसरते, धूसर होते, मग राखेसारखी उडते. मधेमधे बेबीताई हात थांबवत, डोळे बारीक करून ओळीच्या सुरुवातीकडे बघत, आणि पुन्हा ठोकळा चालवत. अकरा वाजेपर्यंत पाठ नव्या पोळपाटासारखी झाली. बारीक भोकांत त्यांनी पुट्टीसारखी लांबी भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली, प्रायमर मारला. इथला डिसेंबर भर उन्हाळ्याचा, ऊन इतकं कडक की तासाभरात प्रायमर बोटाला लागेना. तीन वाजता हिरव्या रंगाचा पहिला हात झाला होता.

संघमित्रा घरी आली ती पर्स खांद्यावर असतानाच गॅरेजात गेली. बेबीताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. बराच वेळ पावलं वाजली नाहीत, म्हणून त्या हात पुसत बाहेर आल्या. सून म्हाताऱ्याच्या पाठीशी उभी होती. तिच्या हातात पॉलिश पेपरचा वापरलेला तुकडा होता. अंगठ्यानं त्यावरची काळी भुकटी चोळून ती बघत होती.

“वाळायचंय अजून,” बेबीताई म्हणाल्या. “हात लावू नको.”

संघमित्रानं तुकडा बादलीत टाकला आणि आत निघून गेली. तिनं काही म्हटलं असतं तर बेबीताईंकडे उत्तर तयार होतं. ते तसंच जिभेवर राहिलं.

रात्री जेवताना जयवंत म्हणाला, “अगं, मागचं पण रंगवलंस?”

“पाणी मागून शिरतं. तुझे वडील सांगून सांगून गेले.”

“हो हो. पाठ आधी, तोंड नंतर.” तो हसला. संघमित्रानं पोळीचा तुकडा मोडला आणि तो तिच्या बोटांत बराच वेळ राहिला.

पुढचे चार दिवस बेबीताईंनी तोंडाचं काम केलं आणि मन लावून केलं. डगल्याला लाल रंगाचे तीन हात, दाढीला पांढरा, त्यात किंचित निळा कालवून, म्हणजे पिवळी पडत नाही. माशाचे खवले त्यांनी एकेक करून चंदेरी रंगात उठवले. डोळ्यांना सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि श्वास रोखून बुबुळात पांढरा ठिपका दिला. त्यासरशी म्हातारा बघायला लागला. गॅरेजचं शटर उघडं असे. कुत्री फिरवणारी माणसं थांबून अंगठा वर करत, काहीबाही कौतुकाचं बोलत. बेबीताई मान हलवून ते स्वीकारत.

शनिवारी सकाळी नोएलीनबाई आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात केकचा डबा. चौऱ्याऐंशीची बाई, पण ओठांना लाली लावून आली होती.

“किया ओरा, बेबी.”

“जय भीम, नलिनीबाई.”

हा त्यांचा रोजचा नमस्कार. बेबीताईंनी पहिल्या दिवसापासून त्यांना नलिनीबाई केलं होतं आणि त्यांनीही ते मानून घेतलं होतं. दोघींची अडीच वर्षांची ओळख लिंबांवर आणि पोळ्यांवर चाललेली. नोएलीनबाई आपल्या झाडाची लिंबं कुंपणाच्या खांबावर ठेवत, आणि तिथेच गुंडाळलेल्या गरम पोळ्या त्यांना मिळत.

म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. नोएलीनबाईंनी केक स्टुलावर ठेवला, काठी सोडली आणि दोन्ही हात स्वतःच्या गालांवर नेले. मग हसल्या. ट्रेवर, ट्रेवर असं दोनदा म्हणाल्या. पुढे होऊन त्यांनी माशाचे खवले बोटानं चाचपले आणि बेबीताईंचा हात धरून जोरानं दाबला.

“थँक्यू हीप्स, बेबी.”

जयवंत शेजारी उभा राहून हसत होता. संघमित्रा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती आणि तिथेच थांबली होती.

नोएलीनबाई भिंतीच्या बाजूनं मागे वळल्या. म्हातारा जरा पुढे ओढावा अशी त्यांनी जयवंताला खूण केली. त्यानं ओढला. त्या मागे गेल्या.

बेबीताईंना फक्त त्यांचा हात दिसत होता. तो म्हाताऱ्याच्या खांद्यावर टेकला, तळवा सपाट करून हळूहळू खाली सरकला, कमरेपर्यंत गेला, पुन्हा खांद्यावर आला. रंग गुळगुळीत होता. बोट कुठे अडलं नाही.

नोएलीनबाईंनी काहीतरी विचारलं. आवाज हळू होता. बेबीताईंना त्यातला ‘रायटिंग’ तेवढा कळला.

जयवंत आईकडे बघू लागला. बेबीताईंच्या हातात धुऊन वाळवलेला ब्रश होता. त्यांनी तो पदरानं पुसायला सुरुवात केली. एक बाजू पुसली, दुसरी बाजू पुसली. ‘सॉरी’ हा शब्द त्यांना येत होता. बसमध्ये धक्का लागला तर त्या म्हणत.

ट्रेमधले कप किणकिणले. संघमित्रानं ट्रे केकच्या डब्याशेजारी ठेवला आणि ती पुढे झाली.

“सॉरी,” ती म्हणाली, आणि पुढे इंग्रजीत चार वाक्यं. बेबीताईंना त्यातलं ‘मी’ ऐकू आलं. आपल्या मराठीतलं नव्हे, इंग्रजीतलं, स्वतःच्या छातीकडे हात नेऊन म्हणायचं.

जयवंतानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्या दिवशी ती दिवसभर लॅबमध्ये होती हे त्याला माहीत होतं.

नोएलीनबाईंनी संघमित्राच्या दंडावर थोपटलं. “नॉट टू वरी, डिअर,” त्या म्हणाल्या. लाली लावलेले ओठ हसायला निघाले आणि अर्ध्यावर थांबले. त्यांनी काठी शोधली. चहा घेतला नाही. जयवंत म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन त्यांच्या मागोमाग गेला.

तो परतला तेव्हा चहावर साय धरली होती.

“ट्रेवर लिहायचा,” तो कोणाकडेच न बघता म्हणाला. “जानेवारीत ह्याला गॅरेजात ठेवायच्या दिवशी. एक ओळ. त्या वर्षी घरात काय झालं ते. मुलीचा जन्म, कुत्रं मेलं, असलं सगळं. शेवटच्या दोन ओळी नोएलीनच्या होत्या.” तो थांबला. “फेब्रुवारीत त्या वृद्धाश्रमात जातायत. एक खोली मिळणार आहे. हा तिथे न्यायचा होता त्यांना. भिंतीकडे तोंड करून ठेवणार होत्या.”

भिंतीकडे तोंड करून. बेबीताईंनी केकच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं, ते बसलेलंच होतं.

जयवंत बायकोला म्हणाला, “आणि तू कशाला...” मग त्यानं आईकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. त्यानं आईला काही विचारलं नाही. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की बेबीताईही त्याला विचारत नसत, नुसत्या बघत. आज त्यानं बघणंही टाळलं.

दुपारी तो झोपल्यावर बेबीताई स्वयंपाकघरात गेल्या. संघमित्रा भांडी लावत होती.

“तू कशाला अंगावर घेतलंस? मी सांगितलं होतं का?”

संघमित्रानं हातातली ताटली रॅकमध्ये ठेवली. “तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले होते, आई. तुम्ही बोललाच नाहीत. त्या उभ्याच होत्या बिचाऱ्या. कोणीतरी बोलायला हवं होतं.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बेबीताईंनी तो शोधला. मिळाला असता तर बरं झालं असतं.

म्हातारा आता नोएलीनबाईंच्या हिरवळीवर उभा होता, रस्त्याकडे तोंड करून. म्हणजे बेबीताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे त्याची पाठ. सकाळी चहाचं आधण ठेवताना, दुपारी भांडी घासताना, संध्याकाळी कणीक मळताना ती हिरवी पाठ समोर. उन्हात चमकायची. रंग फार चांगला बसला होता. कुठे ओघळ नाही, ब्रशचा केस नाही, फुगा नाही. बेबीताई त्यात खोट शोधत राहिल्या. मधुकररावांनीसुद्धा काढली नसती.

लिंबं कुंपणावर येतच राहिली. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी पाच. बेबीताईंनी ती उचलली नाहीत. संघमित्रा कामावरून येताना उचलून आणी आणि टोपलीत ठेवी. पोळ्या द्यायच्या तर खांबापर्यंत जावं लागलं असतं, आणि पलीकडून कोणी ‘किया ओरा’ म्हटलं असतं तर. बेबीताई कपडेही दुसऱ्या बाजूच्या दोरीवर घालू लागल्या.

नाताळच्या आदल्या आठवड्यात नोएलीनबाईंची मुलगी ऑस्ट्रेलियाहून आली. उंच, केस आखूड कापलेली बाई. आल्या दिवसापासून घरातलं सामान खोक्यांत भरून दारात आणून ठेवत होती. म्हाताऱ्याच्या मागे जाऊन ती एकदा उभी राहिलेली बेबीताईंनी खिडकीतून पाहिली. ती तिथे बराच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी संघमित्राला सुट्टी होती. ती टपालपेटीपाशी गेली तेव्हा मुलगी कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आली. संघमित्रानं हात हलवून ‘मॉर्निंग’ म्हटलं. मुलीनं तिच्याकडे बघितलं, डबा जागेवर लावला, आणि तोंड फिरवून आत गेली. संघमित्राचा हात क्षणभर वरच राहिला. मग तिनं तो केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता.

बेबीताई खिडकीत होत्या. असं तोंड फिरवणं त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. नळावर पाहिलं होतं, शाळेच्या व्हरांड्यात पाहिलं होतं. त्या अजिबात न डगमगता तसल्या माणसाला चार शब्द ऐकवून पुढे जात. पण आपल्यामुळे ते दुसऱ्याच्या वाट्याला आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या दुसऱ्या बाईनं घरात येऊन, पत्रं टेबलावर टाकून, नेहमीच्या आवाजात विचारलं, “आई, आज भाजी काय करू?”

“राहू दे भाजी,” बेबीताई म्हणाल्या. “चप्पल काढू नको.”

त्यांनी हात धुतले, कपाटातलं पांढरं लुगडं काढून नेसल्या. वंदनेला नेसायच्या ते. संघमित्रा दारात उभी राहून बघत होती.

“कुठे जायचंय?”

“नलिनीबाईंकडे. मी बोलते, तू इंग्रजीत सांग. बोलेन तेवढं सगळं सांगायचं. मधलं गाळायचं नाही.”

नोएलीनबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी किया ओरा म्हटलं. बेबीताईंनी जय भीम म्हटलं, पण बसल्या नाहीत. आत खोकी सरकवल्याचा आवाज येत होता, तो थांबला आणि मुलगी हातात फडकं घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. समोर, हिरवळीच्या टोकाला, म्हाताऱ्याची पाठ.

“सांग, पाठ मी घासली. हिनं नाही.”

संघमित्रानं सांगितलं. नोएलीनबाईंनी मान हलवली.

“सांग, मला इंग्रजी वाचता येत नाही. मराठी पण अडखळत येतं. तिसरीतून शाळा सुटली माझी.”

संघमित्रा त्यांच्याकडे वळली. लग्न ठरताना तिला सातवी सांगितली होती.

“माझ्याकडे काय बघतेस? त्यांना सांग.”

तिनं सांगितलं.

“घरात मी म्हणाले, ती सुताराची मापं आहेत. ती मापं नव्हती. आकडे मला येतात. एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी. ओळीला एक साल. मापं अशी एकेकानं वाढत नाहीत. घासताना मला कळत होतं. प्रत्येक ओळीला कळत होतं.”

संघमित्राचा आवाज आता खाली गेला होता. दारातल्या मुलीनं हातातलं फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

बेबीताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “सांग, सुनेनं मला सांगितलं होतं, थांबा, मी वाचून दाखवते. तिनं थांब म्हटलं, म्हणून मी थांबले नाही.”

संघमित्रा बोलली. छोटंसं वाक्य होतं. नोएलीनबाईंनी पुन्हा मान हलवली. बेबीताई कान देऊन ऐकत होत्या. दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे गेलं की तिथली नर्स संघमित्राला विचारायची, डॉटर? आणि संघमित्रा सांगायची, नो, डॉटर-इन-लॉ. तो शब्द बेबीताईंना दाराच्या आवाजासारखा ओळखीचा होता.

“डॉटर-इन-लॉ कुठं आलं त्यात?”

संघमित्रानं खाली बघितलं.

“तू गाळलंस.”

“आई, तेवढं राहू दे ना.”

“तेवढंच तर आहे,” बेबीताई म्हणाल्या.

रस्त्यावरून एक गाडी गेली. संघमित्रानं खाली बघत, सावकाश, पुन्हा सांगितलं. ह्या वेळी तो शब्द आला. एकदा नव्हे, दोनदा आला. बेबीताई ताठ उभ्या राहून ऐकत होत्या. कानांच्या पाळ्या तेवढ्या तापल्या होत्या.

नोएलीनबाईंनी चष्मा काढला. डोळे चोळले, पुन्हा चष्मा लावला आणि आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघितलं. मग काहीतरी म्हणाल्या. संघमित्रानं ओठ आत दाबले.

“काय म्हणाली?”

“काही नाही.”

“परत?”

“म्हणाल्या, ट्रेवरची आई अगदी अशीच होती. फक्त ती कधी सांगायला आली नाही.”

मुलगी दारातून आत गेली. परत आली ती दोन खुर्च्या घेऊन. एक तिनं बेबीताईंच्या मागे ठेवली. दुसरी संघमित्राच्या मागे ठेवून तिच्या पाठीवर क्षणभर हात टेकला, आणि फडकं घेऊन तीही पायरीवर बसली.

नोएलीनबाई हिरव्या पाठीकडे बघत होत्या. मग त्यांनी एक आकडा उच्चारला आणि पुढे काही शब्द.

“अठ्ठ्याऐंशी,” संघमित्रा म्हणाली. “वाऱ्यानं ह्याची टोपी मोडली. समोरच्यांच्या छपरावर सापडली. ट्रेवरनं खिळ्यानं बसवली.”

बेबीताईंना तो खिळा माहीत होता. टोपीपाशी त्याचं डोकं वर आलं होतं. लांबी भरून त्यांनी ते झाकलं होतं.

नोएलीनबाईंनी दुसरा आकडा उच्चारला. ओठ हलले, थांबले. तोच आकडा त्या पुन्हा म्हणाल्या. बोटं खुर्चीच्या हातावर आपटत राहिली. मुलीनं पायरीवरून काहीतरी सुचवलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पुढचं आलं नाही. त्या पुटपुटल्या ते संघमित्रानं मराठीत सांगितलं नाही, आणि बेबीताईंनीही विचारलं नाही.

“कागद माग,” त्या म्हणाल्या. “आठवेल तेवढं लिहून घे. मी ब्रशानं उतरवते. अक्षराचा आकार मला काढता येतो, मालकांच्या हाताखाली बसच्या पाट्या भरल्यात मी. जेवढं आठवेल तेवढं. बाकीची जागा तशीच ठेवू.”

मुलगी आतून वही घेऊन आली. संघमित्रानं ती मांडीवर घेतली आणि लिहायला वाकली.

“सावकाश,” बेबीताई म्हणाल्या. “आणि लिहिलंस की मला वाचून दाखव.”

संघमित्रानं मान वर केली. मग पुन्हा खाली बघून ओळ पुरी केली, वही सासूच्या बाजूला सरकवली आणि पहिल्या आकड्याखाली बोट ठेवलं.

“हे मला येतं,” बेबीताई म्हणाल्या. “पुढं चल.”